तिसरा टॉवेल

१

त्या रविवारी प्रल्हाद शिडीवर उभा राहून छपराच्या पन्हळीत साचलेली पानं काढत होता. १९८५ सालचा ऑक्टोबर. न्यू जर्सीतल्या पार्सिपनीला रात्री पहिलं दंव पडणार असं रेडिओवर सांगितलं होतं, म्हणून संध्या परसातल्या झाडांवर उरलेले हिरवे टोमॅटो उतरवून घेत होती.

"अहो, चटणी करू की भाजी?" तिने खालून विचारलं.

"आधी शिडी धर."

"एकच हात मोकळा आहे. तेवढा लावते."

"एका हाताने धरलेली शिडी आणि न धरलेली शिडी यात फरक काय?"

"पडलात तर मला लगेच कळेल, हा फरक."

तेवढ्यात स्वयंपाकघरातला फोन वाजला. स्वेटरच्या ओच्यात टोमॅटो धरून ती आत गेली. जाळीच्या दारातून तिचा आवाज वर येत होता. "येस. येस, मिसेस देवस्थळी बोलतेय." मग बराच वेळ काहीच नाही. मग टोमॅटो एकेक करून फरशीवर पडल्याचे आवाज.

प्रल्हाद पंख्यांच्या कारखान्यात तपासनीस होता. फिरतं बेअरिंग नुसत्या कानाने पारखायचं हे त्याचं रोजचं काम, त्यामुळे आवाज मोजायची सवयच लागली होती. अकरा टोमॅटो पडले. बाराव्याची वाट बघत तो शिडीवर तसाच उभा राहिला.

२

प्रसन्न त्यांचा एकुलता एक. बावीस वर्षांचा. हर्नडन शहरातली कॉम्प्युटरची नोकरी नाकारून तो कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर, अमेरिकेच्याच व्हर्जिन बेटांपैकी एकावर, रिसॉर्टच्या पाहुण्यांना शिडाची होडी शिकवायला गेला होता. "ओन्ली वन इयर, बाबा," एवढंच त्याचं म्हणणं. शेवटच्या फोनवर प्रल्हादने विचारलं होतं, "श्रीमंतांच्या होड्या पुसायला तुला इंजिनियर केला का रे?" आणि उत्तरासाठी न थांबता रिसीव्हर संध्याकडे दिला होता.

तो फोन तिथूनच होता. प्रसन्न एकटा घेऊन गेलेली होडी सापडली. शीड उभारलेलं, आत कोणी नाही. चार दिवस शोध चालला आणि मग थांबवण्यात आला. प्रसन्न सापडला नाही.

शरीरच नाही म्हटल्यावर भेटायला येणाऱ्यांचीही पंचाईत झाली. लोक जेवणाचे डबे आणत, सोफ्याच्या कडेवर बसत, आणि प्रसन्न हुशार 'आहे' म्हणावं की 'होता' म्हणावं, इथे अडत. सात महिने असे गेले. मग एका शनिवारी राजारामकाका आले. काका आठवडाभर विमा कंपनीत काम करत आणि सुट्टीच्या दिवशी अर्ध्या न्यू जर्सीतल्या मराठी माणसांच्या मुंजी, लग्नं, श्राद्धं करून देत.

"पालाशविधी करून घ्या," ते म्हणाले. "दर्भाचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ. मुलाचं नाव घेऊन त्याला त्यात बोलवायचं आणि अग्नी द्यायचा. म्हणजे तो सुटतो."

"आणि आम्ही?" संध्याने विचारलं.

काकांनी चष्मा पुसला. "तुम्हाला निदान रडता येईल, वहिनी."

"तुम्ही याल का तिकडे?" प्रल्हाद म्हणाला.

"रजा कुठली मिळायला! पण कॅसेट भरून देतो. तुम्ही जिथे काही करायचं तिथे मी गप्प बसेन. दर्भ कमी पडला तर तिथलं गवत घ्या. इथे आपल्याला सगळं असंच निभावून न्यावं लागतं."

रिसॉर्टच्या मॅनेजरचं पत्र आलेलंच होतं. मे महिन्यात पाहुणे कमी असतात, आमचे पाहुणे म्हणून आठवडाभर राहा, मुलाचं सामान घेऊन जा.

३

शेजारच्या सेंट थॉमस बेटाच्या विमानतळावरून धक्क्यावर आणि तिथून रिसॉर्टच्याच लाँचने तासभर. रिसॉर्टच्या बेटावर दुसरी वस्ती नव्हती. समुद्राला लागून दगडी भिंतींच्या बारा कॉटेज, एकीतून दुसरी दिसू नये अशा झाडीत लपवलेल्या. खोल्यांत फोन नाही, टीव्ही नाही, घड्याळ नाही. लोक त्यासाठीच इथे येत असत.

त्यांना शेवटची कॉटेज मिळाली होती. एक मोठी खोली, बाहेर जाळी लावलेली पडवी, पडवीत एक दिवाण. पडवीतून मागे गेलं की न्हाणी; तिला छप्पर नाही, दगडी भिंतींच्या मधे शॉवर आणि वर आकाश. न्हाणीचं दार लाकडी पट्ट्यांचं, खालून वीतभर उघडं. भिंतीवर पाटी होती: बेटावर पावसाचंच पाणी टाकीत साठवतात, कृपया जपून वापरा.

छताचा पंखा दर तिसऱ्या फेऱ्याला टिक् करत होता. कोरडं बेअरिंग, प्रल्हादने मनात नोंद केली. तेलाचे दोन थेंब घातले की थांबेल.

सामानाचा खोका इर्मा घेऊन आली. साठीतली, उंच, कडक इस्त्रीचा एप्रन घातलेली बाई. या कॉटेजची व्यवस्था तिच्याकडे होती. खोक्यात कपडे, सपाता, टेपरेकॉर्डर आणि संध्याने पाठवलेला गोड्या मसाल्याचा डबा होता, अर्धा संपलेला.

"तो हे तळलेल्या माशावर घालायचा," इर्मा म्हणाली. "मी त्याला ओरडायचे. मग एक दिवस खाऊन बघितलं आणि ओरडणं बंद केलं. मला तो 'माउशी' म्हणायचा. म्हणाला, आमच्याकडे आईच्या बहिणीला म्हणतात."

संध्याने तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

४

सोमवारी दुपारी दोघं पडवीत जमिनीवर बसली. काड्या तीनशे साठ लागतात. काकांनी दिलेला दर्भ दोनशेच्या आतच संपला. उरलेल्या काड्या प्रल्हादने किनाऱ्यावर जाऊन, भरतीच्या रेषेजवळ उगवलेल्या उंच गवतातून कापून आणल्या. संध्या मोजून जुड्या बांधत होती. हाताची, पायाची, छातीची. तिच्या बोटांना ते काम येत होतं असं वाटावं इतक्या सफाईने.

"उंची किती धरायची?" तिने विचारलं.

"काका काही बोलले नाहीत."

"पाच फूट दहा होता," ती म्हणाली. सात महिन्यांत तिच्या तोंडून 'होता' पहिल्यांदाच निघालं.

नारळ बसवून, पांढऱ्या पंच्यात गुंडाळून पुतळा तयार झाला. प्रल्हादने प्रसन्नच्याच टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट घातली. काकांचा आवाज आला. मागे त्यांच्या पार्सिपनीच्या घरातला फ्रिज घरघरत होता. मंत्र झाले. मग काका साध्या मराठीत म्हणाले, "आता मुलाचं नाव आणि गोत्र घ्या. नाव घेतल्यावर मधे थांबू नका. काही राहिलं असेल तर टेप आत्ताच बंद करा."

काही राहिलं नव्हतं. रिसॉर्टच्या माणसाने वाळूत लाकडं रचून ठेवली होती. प्रल्हादने नाव घेतलं. पुढच्या शांततेत पंखा टिक् करत राहिला.

नंतर पुतळा उचलून ते बाहेर आले, तर किनाऱ्यावरच्या काठीवर लाल बावटा चढत होता. लाकडांपाशी उभा असलेला माणूस धावत आला. वारा वाढलाय, झाडी वाळलेली आहे, आज आग लावता येणार नाही. उद्या नक्की. त्याला फार वाईट वाटत होतं.

उद्या तर उद्या. पुतळा कुठे ठेवायचा, म्हणून त्यांनी तो पडवीतल्या दिवाणावर ठेवला. टेप जिथे थांबवली होती तिथेच थांबली. गार वारा येत होता. जेवायला जाताना प्रल्हादने मागे वळून पाहिलं, तर संध्या पुतळ्याच्या अंगावर चादर घालत होती.

५

मंगळवारीही बावटा लाल होता.

बुधवारी सकाळी दोघं न्याहारीहून परतली तेव्हा इर्मा पायरीवर टॉवेल मोजत होती.

"मिस्टर, एक विचारू? कोणी पाहुणा आलाय का तुमच्याकडे?"

"नाही. का?"

"मी रोज दोन ठेवते. काल तिसरा कपाटातला काढलेला होता. आजही." तिने घडी उलगडून दाखवली. टॉवेल ओला होता आणि कडेने मीठ धरून कडक झाला होता. "मॅनेजरला मी काही सांगणार नाही. पण समुद्रातून आल्यावर आधी साध्या पाण्याने अंघोळ करायला सांगा. हे धुवायला फार त्रास होतो."

"मीच वापरला असेन," संध्या पटकन म्हणाली.

प्रल्हादने तिच्याकडे पाहिलं. ती आल्यापासून पाण्यात पाऊलही घालायला तयार नव्हती.

दुपारी जेवायला गेले तर त्यांच्या टेबलावर तीन ताटं मांडली होती. वाढप्याने सांगितलं, खोलीतल्या टॉवेलांवरूनच स्वयंपाकघराला माणसं कळवतात, इथली तशीच पद्धत आहे. प्रल्हादने तिसरं ताट न्यायला सांगितलं. संध्या म्हणाली, "राहू दे. त्यांना कशाला त्रास?"

ताट राहिलं. त्याच्याकडे न बघता जेवायचं म्हणजे मान एका बाजूला धरावी लागत होती.

बाहेर आल्यावर त्याने पाहिलं, वारा पडला होता. काठीवर बावटा नव्हता.

"चल, आज करून टाकू."

"आज नको."

"का?"

"आज बुधवार आहे. तो बुधवारचा जन्मलेला."

"संध्या, काका म्हणाले होते..."

"काकांना मूल नाही हो," ती म्हणाली, आणि पुढे चालू लागली.

६

गुरुवारी दुपारी संध्या किनाऱ्यावर खुर्ची टाकून बसली होती. प्रल्हाद खोलीत पडला होता. टिक्, टिक्. त्याला डुलकी लागत होती आणि त्या डुलकीतच त्याला शॉवरचा आवाज ऐकू येऊ लागला.

पाणी सरळ फरशीवर पडलं तर एक आवाज येतो. माणसाच्या अंगावरून पडलं तर दुसरा. तो तुटक असतो, जागा बदलतो. हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

संध्या आली असेल, असं मनात म्हणून तो पडून राहिला. मग मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. झाडांमधून किनारा दिसत होता, खुर्ची दिसत होती, खुर्चीच्या पाठीवर संध्याची वेणी.

टाकीत दाब वाढला की नळ आपोआप सुटतात, त्याने स्वतःला सांगितलं. जुनी वॉशर असेल. इर्माने भांडं धुवायला घेतलं असेल. दर कारणाबरोबर तो उठून एकेक पाऊल पुढे जात होता. पडवीतून जाताना त्याला दिवाण दिसला. चादर पायथ्याशी नीट घडी करून ठेवलेली होती. गादीवर एक लांबट ओला डाग होता, आणि त्यावर दुसरं काही नव्हतं.

न्हाणीच्या दारापाशी तो थांबला. पट्ट्यांमधून उन्हाशिवाय काही दिसत नव्हतं. पाणी पडत होतं. घरी प्रसन्न असाच तासन्‌तास शॉवरखाली उभा राहायचा, आणि गरम पाणी संपायला आलं की प्रल्हाद दारावर थाप मारून ओरडायचा.

तो खाली वाकला. दाराखालच्या फटीतून ओली फरशी दिसली आणि फरशीवर दोन टाचा. पांढऱ्या, फुगलेल्या, खोल सुरकुत्या पडलेल्या. पाण्यात फार वेळ राहिल्यावर बोटं होतात तशा. पण इतका वेळ पाण्यात राहिलेली कातडी त्याने कधी पाहिली नव्हती.

"पुरे आता पाणी," त्याच्या तोंडून निघालं. रागावून नाही. रोजच्या आवाजात.

शॉवर बंद झाला.

थेंब पडत राहिले, मग तेही थांबले. दाराच्या पलीकडे कोणीतरी त्याच्या पुढच्या शब्दासाठी उभं होतं. त्याला सांगायचं होतं की होड्या पुसायचं ते मी असंच बोललो. पण तो मागे मागे सरकत खोलीत आला, दार लावलं आणि पंख्याखाली उभा राहिला.

संध्या आली तेव्हा पुतळा दिवाणावर होता, चादरीखाली. पंचा कोरडा होता.

७

"तुला माहीत होतं," शुक्रवारी सकाळी तो म्हणाला.

संध्या पायरीवर बसून केस विंचरत होती. "मंगळवारपासून."

"आणि मला बोलली नाहीस?"

"काय बोलायचं? तुम्ही म्हणाला असता, वॉशर बदलायला हवी."

त्याला हसू आलं आणि ते मधेच मोडलं. "संध्या, तो बरा नाहीये. मी पाहिलं. टाचा पाहिल्या मी त्याच्या. हे आपण त्याला असं..." त्याने दिवाणाकडे हात केला. "त्याला बोलवलं आणि अर्ध्यात ठेवलं आपण."

"मला तोंड दाखवत नाही," ती म्हणाली. "मी भिंतीकडे तोंड करून बसते, तेव्हा मागे येऊन बसतो. बोलत नाही. श्वास घेत नाही. पाणी तेवढं टपटपतं." तिने फणीतले केस काढून बोटाला गुंडाळले. "मी वेडी नाही हो. हे चांगलं नाही हे मलाही कळतं. त्याला सारखं मीठ धुवावंसं वाटतं आणि ते जात नाही. म्हणूनच एवढा वेळ उभा राहतो तिथे."

"मग उद्या अग्नी देऊ. अकराला लाँच आहे. त्याआधी."

तिने बोटावरची केसांची गुंडाळी काढून पायरीखाली टाकली.

"द्या," ती म्हणाली. "पण मला द्यायला सांगू नका. तुम्ही बाप आहात. तुम्हालाच द्यायचा असतो."

८

शनिवारी सकाळी समुद्र बशीतल्या पाण्यासारखा स्थिर होता. लाकडं तयार होती. रिसॉर्टचा माणूस टोपी काढून लांब जाऊन उभा राहिला.

प्रल्हादने पुतळा दिवाणावरून उचलला तेव्हा तो गवताइतकाच हलका होता. पडवीच्या पायऱ्या उतरेपर्यंतही हलका होता. वाळूत चालताना जड होत गेला. लाकडांवर ठेवला तेव्हा त्याचे दंड भरून आले होते. पंच्याच्या खालच्या कडेतून पाणी झिरपून लाकडांवर काळे ओघळ उतरत होते.

त्याने टेप सुरू केली. काकांचा आवाज जिथे तुटला होता तिथूनच पुढे निघाला, जणू मधे काही दिवस गेलेच नाहीत. थोडे मंत्र. मग, "आता अग्नी द्या." आणि शांतता. काकांनी ती चांगली लांब ठेवली होती. अशा ठिकाणी माणसाला वेळ लागतो हे त्यांना माहीत होतं.

आगकाडी पहिल्याच वेळी पेटली. संध्या पाठमोरी उभी होती, दोन्ही हात पोटाशी घट्ट धरून.

प्रल्हाद पुढे वाकला. नारळ त्याच्या बाजूला कलंडला होता. ठेवताना तो आकाशाकडे होता हे त्याला नक्की आठवत होतं. ओला पंचा नारळाला चिकटला होता, आणि त्याखाली, नाकाच्या जागी, ओठांच्या जागी, थोडं थोडं काहीतरी वर आलं होतं. सगळं नाही. एका बाजूचा गाल तेवढा पुरता झाला होता. त्यावर पापणी मिटलेली होती, आणि ती काडीच्या उजेडाने हलली.

काडी त्याच्या बोटापर्यंत जळली. त्याने ती वाळूत टाकली.

"दिला?" संध्याने न वळता विचारलं.

त्याने दुसरी काडी काढली. ती हातातच राहिली. टेपमधली शांतता संपली आणि काका पुढचे मंत्र म्हणू लागले, सगळं झालं आहे असं समजून. प्रल्हादने दोन्ही हात पंच्याखाली घातले आणि त्याला उचललं. लहानपणी प्रसन्न गाडीच्या मागच्या सीटवर झोपून जायचा, तेव्हा तो त्याला वर खोलीत न्यायचा, तसंच. मान खांद्याच्या खोबणीत आली आणि तिथे बसली. पाठीवरून थंडगार खारं पाणी त्याच्या शर्टात उतरलं.

संध्या वळली. तिने काही विचारलं नाही. ती पुढे होऊन वाट काढत चालली.

पडवीत इर्मा झाडत होती. त्यांच्याकडे पाहून तिने केरसुणी भिंतीला टेकवली आणि छातीवर क्रूस काढला. प्रल्हादने ओझं दिवाणावर ठेवलं. संध्याने चादर ओढली, गळ्यापर्यंत, तोंड मोकळं ठेवून, आणि ते भिंतीकडे वळवलं.

"ही खोली आज आवरू नका," तो इर्माला म्हणाला.

"जा तुम्ही," ती हळू म्हणाली. "लाँच थांबत नाही."

लाँचवर दोघं शेजारी शेजारी बसली. बेट लहान होत गेलं. संध्या रडली. सात महिन्यांत पहिल्यांदा, मोठ्याने, लोकांसमोर. प्रल्हाद तिची पाठ थोपटत राहिला. त्याचा शर्ट सेंट थॉमसपर्यंत वाळला नव्हता.

घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी राजारामकाकांचा फोन आला. नीट पार पडलं ना, त्यांनी विचारलं. काही अडचण?

"नाही काका," प्रल्हाद म्हणाला. "कॅसेट अगदी स्पष्ट होती."

याला आता तीन वर्षं झाली. रिसॉर्टकडून दोनदा पत्र आलं, ते त्याने उघडलं नाही. प्रसन्नला अजून अग्नी दिलेला नाही.